बोटीच्या कपाळातलं शुकन

आमच्या घरातल्या प्रत्येक गोष्टीला रेझिनचा वास यायचा. रेझिन म्हणजे मधासारखा दाट, चिकट द्रव. त्यात काचेच्या तंतूंची चटई भिजवून थरावर थर दिले की फायबर तयार होतं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बडोद्याला मकरपुऱ्यात फायबरची शेड होती आणि ते संध्याकाळी घरी आले की त्यांच्या आधी तो वास दारातून आत यायचा. साबणाने जायचा नाही, रॉकेलने जायचा नाही. आईच्या चिंचगुळाच्या आमटीला, उन्हाळ्यातल्या पन्ह्याला, एवढंच काय, दिवाळीच्या चकलीलाही तो वास असायचा आणि पाहुणे एक घास खाऊन विचारात पडायचे. आई म्हणायची, "आमच्यात हा मसाला घालतात," आणि वाढायला पुढे जायची. मांजलपूर तेव्हा निम्मं शेतच होतं. आज मी जिथे तिसऱ्या मजल्यावर बसून हे लिहिते आहे, तिथे कपाशी होती. वास मात्र अजून येतो मला, मधूनच, कारण नसताना. मुलगी म्हणते, आई, तुझा भास आहे. असेल.

अण्णा आधी एका कारखान्यात फिटर होते. साहेबाशी भांडून नोकरी सोडली आणि पत्र्याची शेड भाड्याने घेतली. पाण्याच्या टाक्या, बसच्या सीटा, बागेतल्या घसरगुंड्या असं काय काय ते करत. मग कुणीतरी त्यांना छोटी प्रवासी बोट करून द्याल का विचारलं. अण्णा जन्मात कधी समुद्रावर गेले नव्हते, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ती केली आणि चांगली केली. त्यांच्या हातून एकूण चार बोटी झाल्या, चारही सारख्या. मध्ये केबिन, समोर तीन मोठ्या खिडक्या, आणि केबिनच्या छतावरही माणसं बसू शकतील असा कठडा. छत म्हणजे वर फायबर, खाली फायबर आणि मध्ये प्लायवुड. समोरच्या खिडक्यांच्या वर जी आडवी पट्टी येते, तिच्यावर छताच्या पुढच्या भागाचा सगळा भार असतो. अण्णा तिला बोटीचं कपाळ म्हणायचे.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी मी बी.एस्सी. होऊन घरात बसले होते. बसले होते म्हणजे मला बघायला येणाऱ्यांची वाट बघत होते, आणि ते येऊन गेले की पुढच्यांची. त्या कंटाळ्यावर उपाय म्हणून मी अण्णांचा डबा घेऊन सायकलने शेडवर जाऊ लागले आणि मग दिवसभर तिथेच थांबू लागले. ईश्वरकाका नावाचे एक मिस्त्री होते, त्यांनी मला चटई कापायला, रेझिन कालवायला शिकवलं. अण्णा शिकवत नसत, ओरडत. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "उघडं लाकूड म्हणजे उघडी जखम." स्क्रूसाठी भोक पाडलं की ते आधी रेझिनने भरायचं, वाळू द्यायचं, मग त्यात पुन्हा बारीक भोक पाडून स्क्रू बसवायचा, म्हणजे पाण्याचा थेंबही मधल्या लाकडापर्यंत जात नाही. एका कारागिराने एकदा चार स्क्रू तसेच मारले, तर अण्णांनी ते चारही काढून त्याच्या हातात ठेवले आणि त्याला आठवडाभर फक्त झाडू मारायला लावला.

एवढ्या कडक माणसाने आईपुढे मात्र एका बाबतीत मान तुकवली होती. पहिली बोट पुरी होत आली तेव्हा आई म्हणाली, माणसं बसणार आहेत त्यात, टाकी नाहीये ती, पूजा केल्याशिवाय कशी द्यायची? मग तिचं शुकन ठरलं. आमच्या घरात शकुनाला गुजराती शब्दच रूढ होता, शुकन. वरचा शेवटचा थर द्यायच्या आधी अण्णा मधल्या खिडकीवर, बरोबर कपाळात, वरून ड्रिलने रुपया मावेल एवढा खड्डा पाडायचे. आई नवं लुगडं नेसून शेडवर यायची. खड्ड्यात एक सुपारी, पाच अक्षता, चिमूटभर कुंकू आणि सव्वा रुपया ठेवायची. वर चटईचा एक थर, रेझिन, पॉलिश, की झालं. बाहेरून काही दिसत नसे. मग सगळ्यांना पेढे आणि लीलो चेवडा, म्हणजे बडोद्याचा तो ओलसर चिवडा. चारही बोटींच्या कपाळात आईच्या हातचं शुकन होतं आणि मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

जयंतीभाई नर्मदेवर, चांदोदच्या बाजूला, भाविकांना संगमावर नेऊन आणायचे. पहिली बोट त्यांची होती. सहा-सात वर्षांनी ती ट्रॉलीवर चढून, ट्रॅक्टरमागे बांधून आमच्या शेडवर परत आली. रंग उडाला होता, बुडाशी शेवाळ होतं, पण कामाची तक्रार अगदी किरकोळ होती. डाव्या खिडकीतून पाणी आत येतं, सरकती काच मध्येच अडकते, केबिनचं दार कधी लागतं, कधी लागत नाही. पौर्णिमेची जत्रा आठ दिवसांवर होती, तोवर रबर बदलून द्या, एवढंच. जाता जाता त्यांनी मधल्या खिडकीकडे हात दाखवला. खिडकीच्या वरच्या कडेतून खाली एक लालसर ओघळ आला होता आणि ओघळाखाली, चौकटीत, सुकलेली झेंडूची फुलं खोचलेली होती.

"आने हाथ ना लगाडता, भाऊ," जयंतीभाई म्हणाले. "ए तो मैयानुं कंकु छे. गेल्या वर्षापासून येतंय. लोक कपाळाला लावतात. माझी बोट आधी भरते, मग दुसऱ्यांची."

अण्णा हसले. मग त्यांनी आणि ईश्वरकाकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही कामाला लागले. मला ते पाहणं आवडलं नाही. कारण विचाराल तर तेव्हा सांगता आलं नसतं. पण मैया, म्हणजे नर्मदा, खाली होती आणि कुंकू वरून येत होतं, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरकाका डाव्या खिडकीचं रबर काढत होते. रबर दोन्ही टोकांना नीट होतं, पण वरच्या कडेला, मधोमध, चेपून बाहेर आलं होतं. मी म्हटलं, काका, हे जुनं झालं म्हणून नाही, हे दाबलं गेलंय. ते म्हणाले, ऊन लागून होतं तसं. मी पतंगाचा दोरा आणला. समोरच्या तिन्ही खिडक्यांच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ताणून बांधला. दोन्ही टोकांना दोरा पट्टीला चिकटून होता. मधल्या खिडकीशी पट्टी दोऱ्याच्या खाली गेली होती, माझी करंगळी आडवी जाईल इतकी. खिडकीच्या कोपऱ्यांतून केसासारख्या भेगा वर सरकल्या होत्या. मग मी ईश्वरकाकांना वर छतावर जाऊन पुढे उभं राहायला सांगितलं आणि स्वतः केबिनचं दार ओढून पाहिलं. ते आत्तापर्यंत लागत होतं, आता लागेना. काका खाली उतरले, तर पुन्हा लागलं. एका माणसाच्या वजनाने केबिनची चौकट हलत होती आणि जत्रेच्या दिवशी वर तीस-तीस माणसं बसत होती.

माठ घ्यायला आई मला लहानपणापासून बाजारात न्यायची. डोळ्यांनी माठ कधी घेऊ नये असं तिचं म्हणणं. मूठ वळून पेराने वाजवायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, भद वाजला तर कितीही सुंदर असला तरी ठेवून द्यायचा. मी हातोडी उलटी धरली आणि तिच्या लाकडी दांड्याने सबंध छत वाजवत निघाले. मागे टक, टक, टक, कडक आवाज. पुढे येऊ लागले तसा तो मऊ होत गेला. जिथे बदलला तिथे खडूने खूण करत गेले. तासाभराने खुणा जोडल्या, तर मधल्या खिडकीच्या वर सुपाएवढी एक जागा तयार झाली, आणि तिच्या बरोबर मध्यभागी आईचं शुकन होतं.

अण्णांना हाक मारली. त्यांनी दोरा पाहिला, दार पाहिलं, दांडा घेऊन स्वतः वाजवलं. चेहरा उतरलेला मला दिसला. पण म्हणाले काय, तर, "तिथे सुपारी आहे ने आत. पोकळ जागा आहे. तिथे भद वाजणारच."

"एका सुपारीने एवढी जागा वाजेल, अण्णा?"

"मी केलंय ते काम. एक एक स्क्रू मी भरलाय. यात कुठून पाणी जाईल?"

"मग उघडून बघू."

"शुकन फोडायचं नाही," ते म्हणाले. "तुझी आई काय म्हणेल? रबर लावा, आणि खिडकीत आतून एक उभी पट्टी द्या आधाराला. जत्रा झाली की बघू."

मी तेव्हा त्यांच्यावर मनापासून चिडले. माझा बाप भित्रा आहे असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं आणि त्याची लाजही वाटली. आज कळतं की ते खोटं बोलत नव्हते. दुसऱ्याने मारलेला उघडा स्क्रू त्यांना वीस पावलांवरून दिसायचा, पण त्या खड्ड्याकडे पाहताना त्यांना भोक दिसलंच नाही कधी. त्यांना पूजा दिसायची. ते भोक त्यांनी चार बोटींना स्वतःच्या हाताने पाडलं होतं आणि एकाही वेळी आतून रेझिनने भरलं नव्हतं. भरलं असतं तर सुपारी कुठे ठेवणार?

घरी येऊन मी आईला सांगितलं नाही. सांगणार होते, पण ती चुलीशी बसून अण्णांच्या आवडीची वांग्याची भाजी करत होती आणि जत्रेला आपणही जाऊ या म्हणत होती. जयंतीभाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं, पुढची जागा राखून ठेवतो म्हणाले होते. "आपल्याच बोटीत बसायचं, कपाळाखाली," आई म्हणाली. अण्णा खाली मान घालून जेवत होते. त्यांनी भाजी दुसऱ्यांदा घेतली नाही. मग मीच तिला विचारलं, माठ घरी आणल्यावर भद वाजायला लागला तर काय करायचं? ती म्हणाली, फोडून टाकायचा, नाहीतर कुणीतरी तो भरून डोक्यावर घेतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि अण्णांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर तीही शेडवर आली. डबा तिच्याच हातात होता. त्याच दुपारी जयंतीभाई ट्रॅक्टर घेऊन काम कुठवर आलंय ते पाहायला आले. रबर लागलं होतं, पॉलिश झालं होतं, बोट लांबून अगदी नवी दिसत होती. अण्णा हात पुसत उभे होते. मी कुणाला न विचारता ट्रकचा जॅक उचलला, केबिनमध्ये शिरले, जॅकवर लाकडी टेकू ठेवला आणि मधल्या खिडकीवरच्या पट्टीला तो लावून हळूहळू वर घ्यायला लागले. माझी कल्पना एवढीच होती की पट्टी वर गेली तर काच सरकेल आणि ते अण्णांना दाखवता येईल. पट्टी वर गेलीच नाही. टेकू आत रुतला. खालचं फायबर कुरकुरलं, आणि वरून पाणी आलं.

बोट तीन दिवस कोरड्या शेडमध्ये, तापलेल्या पत्र्याखाली उभी होती. पावसाचा थेंब नव्हता. तरी पाणी आलं, आधी थेंब थेंब, मग धार, काचेवरून सरळ खाली. वर लाल, खाली तपकिरी. त्याला कुजलेल्या पाल्याचा वास होता. बाहेर जयंतीभाईंनी चपला काढल्या आणि हात जोडले. ईश्वरकाकांचे हातही अर्धे वर गेले होते, ते तसेच राहिले. मी आतून काचेतून पाहत होते आणि मला त्या लाल पाण्यामागे आईचा चेहरा दिसत होता. ती हात जोडून उभी नव्हती. ती पाण्याचा वास घेत होती.

"स्क्रू-ड्रायव्हर द्या," ती अण्णांना म्हणाली.

"अगं, थांब जरा."

"मी ठेवलंय, मी काढते. द्या इकडे."

"बेन, पाप लागशे," जयंतीभाई म्हणाले.

"लागेल तर मला लागेल," आई म्हणाली. ती शिडीवरून वर गेली, पदर खोचला, शुकनाची जागा तिला न शोधता सापडली. तिने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. हातोडी लागलीच नाही. तो मुठीपर्यंत आत गेला. तिने तो फिरवून पापुद्रा उचकटला, आत हात घातला आणि मूठभर लाकूड बाहेर काढलं. प्लायवुड म्हणे. भिजवलेले पोहे उरून दोन दिवस पातेल्यात राहिले की जसे होतात, तसं ते तिच्या मुठीतून गळत होतं. सुपारी फुगून, फुटून काळी झाली होती. फुगताना तिने वरचा पातळ थर तडकवला होता आणि त्या तड्यातून सहा-सात पावसाळे आत गेले होते. वर माणसं बसत होती, त्यांच्या वजनाने पाणी लाकडात दाबलं जात होतं, आणि जे मावत नव्हतं ते आईचं कुंकू घेऊन खिडकीतून बाहेर येत होतं. लोक ते कपाळाला लावत होते. आईने सव्वा रुपया लुगड्याला पुसला आणि ती तिथेच, छतावर, खाली बसली. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

जयंतीभाई भानावर आले ते जत्रेच्या आठवणीने. त्यांचं म्हणणं सोपं होतं. आता कळलंय ने, मग वरून एक जाड थर मारा, आतून दोन टेकू द्या, जत्रेपुरतं चालेल, वर थोडी कमी माणसं बसवू. तुम्ही नाही केलंत तर दुसरा कुणी करेल, बडोद्यात काय मिस्त्री कमी आहेत? आणि दुसऱ्या कुणीतरी ते केलंच असतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. वरून थर मारून पॉलिश केलं की बोट पुन्हा नवी दिसली असती.

अण्णांनी आईला हात देऊन खाली उतरवलं, मला जॅकसकट केबिनमधून बाहेर काढलं. मग कापायचं मशीन उचललं, वायर खोचली, शिडी चढले, आणि मधल्या खिडकीच्या वर, स्वतःच्या हाताने केलेलं ते कपाळ त्यांनी उभं कापून टाकलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. छताचा पुढचा भाग खाली बसला आणि तिन्ही काचा एकामागून एक फुटल्या. शेडभर पांढरी धूळ झाली. जयंतीभाई ओरडत होते, "तमे मारी बोट कापी नाखी! मारी बोट!" अण्णांनी मशीन बंद केलं आणि म्हणाले, "हो. आता ती कुणी पाण्यात घालणार नाही. नवीन करून देतो. आणि चूक माझी आहे, हे कुणालाही सांगा."

जयंतीभाईंनी सगळीकडे सांगितलं. पुढचे दोन महिने शेड चालली ती फक्त त्या एका छतासाठी. टाक्यांची कामं दुसरीकडे गेली, ईश्वरकाकांशिवाय सगळे कारागीर गेले. जयंतीभाई पुन्हा आमच्याशी बोलले नाहीत आणि नव्या छतातून कुंकू येत नाही म्हणून लोक दुसऱ्या बोटीत बसू लागले. माझी दोन स्थळंही त्याच सुमारास फिरली. एकांनी तर स्पष्ट विचारलं, शुकन फोडणारे ते तुम्हीच का? मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. पुढे लग्न ठरलं ते भल्या माणसाशी ठरलं. पाठवणीच्या वेळी आईने माझी ओटी भरायला घेतली तेव्हा अण्णांनी तिच्या हातातून नारळ काढून घेतला, कानाशी धरून हलवला, पेराने वाजवला आणि मगच परत दिला. सगळे हसले. आई हसली नाही, मीही नाही.

आणि उरलेल्या तीन बोटी. जयंतीभाईंची बोट कापली त्याच आठवड्यात अण्णा आणि आई दोघं स्कूटरवरून त्यांच्या मागे निघाले. दुसरी सावली गावाच्या पुढे, मही नदीच्या काठी मिळाली. तिचं शुकन कोरडं होतं. अण्णांनी ते काढून भोक भरलं. तिसरी एका तलावात होती. तिच्या खिडकीवर नुकताच ओघळ सुरू झाला होता. तिचा मालक शहाणा निघाला, त्याने ती त्याच दिवशी बाहेर काढली. चौथी ज्याला दिली होती त्याने ती विकली होती. कुणाला, तर खाली भरूचकडे कुणाला तरी. भरूचला कळलं की तिथूनही ती पुढे गेली. अण्णा जमेल त्या रविवारी शोधायला जायचे, पुढे पाय थकले तसे पत्रं लिहायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी मला विचारलं होतं, "चौथी सापडली का गं?" मी हो म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. खोटं त्यांना कळलं होतं, असं मला वाटतं.

हे प्रकरण लिहू नकोस, घरातलं बाहेर कशाला, असं माझ्या धाकट्या भावाचं मत पडलं. पण मी त्याच्यासाठी लिहीत नाही. लाकूड कुजतं, फायबर कुजत नाही. वरून रंग मारला, थर मारला की ते आणखी चाळीस वर्षं नवं दिसतं, आणि मालक बदलत जातात तसं कुणी बनवलं हेही कुणाला ठाऊक राहत नाही. चौथी बोट फुटली असं कधी ऐकलं नाही, म्हणजे ती कुठेतरी आहे. तुम्ही कधी एखाद्या घाटावर जुन्या बोटीत चढलात, समोर तीन मोठ्या खिडक्या असल्या, मधलीच्या कडेवर फुलं खोचलेली असली आणि आजूबाजूची माणसं हात जोडत असली, तर तुम्ही हात जोडू नका. मूठ वळा आणि खिडकीच्या वर, मधोमध, पेराने वाजवून बघा. आवाज भद आला, तर आधी वर बसलेल्यांना खाली उतरवा.